ज्या सौद्यातून मी उठलो

संपादकांचा फोन आला. म्हणाले, बापू, गुरांच्या बाजारातल्या चार गमती लिहा, दिवाळीचा अंक आहे, लोकांना हसू द्या. गमती माझ्याकडे पोत्याने आहेत. एका गिऱ्हाइकाने घेतलेला बैल आठ दिवसांनी परत आणला. का, तर त्याला अहिराणी कळत नाही. "थांब म्हणं ते चालस, चाल म्हणं ते थांबस." बैल गुजरातेतल्या मालकाकडे वाढलेला होता. मी बैल परत घेतला नाही. गिऱ्हाइकालाच तीन गुजराती शब्द शिकवले आणि शिकवणीची भजी त्याच्याकडून वसूल करून त्याला बैलासकट घरी पाठवला.

असं मी दिवसभर सांगू शकतो. पण यंदा मला कोणाला हसवायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात एका वर्तमानपत्रात एका मुलीने आपल्याला मदत करणाऱ्यांचे आभार मानले. आईबापांचे मानले, शिक्षकाचे मानले, पाच व्यापाऱ्यांचे नावानिशी मानले, एका कंपनीच्या साहेबाचेही मानले. माझं नाव नव्हतं. त्या पाचही व्यापाऱ्यांकडे तिला घेऊन गेलो होतो मी. ते पान मी घडी घालून ठेवलेलं आहे आणि हा लेख त्या पानासाठी आहे. संपादकांना छापायचा तर छापतील.

आधी धंदा सांगतो. मी दलाल. गाव म्हसावद, बाप दुसऱ्याच्या वावरात राबायचा, आमच्या गोठ्यात कधी स्वतःचं ढोर नव्हतं. तरी तीस-पस्तीस वर्षं नंदुरबारपासून खांडबाऱ्यापर्यंत बाजारात बैलाची किंमत माझ्या हातातून ठरली. बैलाचे दात कोणीही मोजतो. मी त्याला चालवून बघतो, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडतो की बाहेर, ते बघतो. गिऱ्हाईक बैल बघत असतं तेव्हा मी गिऱ्हाइकाला बघतो. ज्याला बैल आवडला तो त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि दोष मोठ्याने सांगायला लागतो.

भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटांनी बोलणं होतं. कोणती बोटं दाबली, किती वेळा दाबली, त्यावरून आकडा. चारी बाजूंनी माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. मग दलाल तसाच टॉवेल विकणाऱ्याच्या हातावर टाकतो. यात फसवणूक नाही. एकाला किती द्यावे लागले ते दुसऱ्याला कळलं तर बाजार तिथंच बसेल, म्हणून झाकायचं. टॉवेलाखालचा आकडा दलालाने तिसऱ्याला सांगितला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कोणी हात देत नाही. माझ्याकडून तो आकडा कधी बाहेर गेला नाही. या लेखातही जाणार नाही.

दुसरी गोष्ट उठून जाण्याची. समोरचा अडून बसला की टॉवेल झटकायचा, खांद्यावर टाकायचा आणि चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. ज्याला बैल हवाय तो हाक मारतोच. कोणी दहा पावलांवर मारतो, कोणी चहाच्या टपरीपर्यंत जाऊ देतो. एका व्यापाऱ्याने मला खांडबाऱ्याच्या स्टेशनपर्यंत जाऊ दिलं होतं. मी बाकावर बसून शेंगा खाल्ल्या. टरफलं पायाखाली साचली तेव्हा तो धापा टाकत आला आणि मी लावलेल्या भावात बैल घेऊन गेला. माझा सगळा संसार या उठून जाण्यावर उभा राहिलेला आहे.

एस्तेर मला भेटली ती तिच्या बापाचे बैल बघायला गेलो तेव्हा. खांडबाऱ्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. कोकणी आदिवासी, ख्रिस्ती घर, थोडी डोंगरउताराची शेती, बाकी मजुरी. बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती आईबरोबर ऊसतोडीला निघाली होती. मजुरांचा टेम्पो उलटला आणि तिचा डावा पाय मांडीपासून कापावा लागला. याला दोन वर्षं झाली होती. मी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून तूर पाखडत होती.

मी बैलाच्या तोंडात हात घातलेला. तेवढ्यात त्यांच्या बकऱ्या उतारावरून शेजाऱ्याच्या भुईमुगात शिरायला लागल्या. एस्तेरने बसल्या जागेवरून एक दगड उचलून फेकला. दगड पार बांधापलीकडे, पुढच्या बकरीच्या वीतभर पुढे पडला आणि अख्खा कळप वळला. मी म्हटलं, नेम चुकला. ती म्हणाली, "चुकला नाही. लागू नये म्हणून पुढे मारला."

मी बैल सोडला आणि तिच्या खांद्याकडे बघत राहिलो. कमरेपासून बोटापर्यंत एक ओढ होती, मधे कुठे झटका नाही. पोरीला बैलासारखी बघितली असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. डॉक्टरांनी, सरकारी कचेरीने आणि गावाने दोन वर्षं तिचा गेलेला पाय बघितला होता. खांदा मी बघितला.

खांडबाऱ्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक आहेत, वळवी सर. त्यांना जाऊन सांगितलं. त्यांच्याकडून कळलं की दिव्यांगांच्या स्पर्धांत बसून भाला फेकणाऱ्यांचा वेगळा गट असतो. त्यासाठी लोखंडी बैठक लागते. ती जमिनीला पट्ट्यांनी आवळतात, खेळाडूला तिच्यावर पट्ट्यांनी बांधतात आणि मग तो नुसत्या खांद्याच्या आणि कमरेच्या जोरावर फेकतो. बैठकीची उंची गादीसकट पंचाहत्तर सेंटिमीटरच्या वर गेली की फेक बाद. मी नंदुरबारच्या वेल्डरला समोर बसवून उधारीवर बैठक करून घेतली. त्याच्याशी मजुरीवरून दोनदा आणि उंचीवरून चारदा भांडलो. स्पर्धेत पंचांनी ती तीन वेळा मोजली, त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

पण भाला, पट्टे, बूट, प्रवास, खुराक, जिल्ह्याबाहेर राहणं याला पैसा लागतो. अपंगत्वाचा दाखला मिळवायलाच चार फेऱ्या लागल्या. मी ठरवलं, पैसा बाजारातून उभा करायचा. पाच व्यापारी निवडले. दोन मिरचीवाले, एक कापडवाला, एक खतवाला आणि एक मारवाडी शेठ, ज्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. एकेकाकडे एस्तेरला घेऊन गेलो, तिचा खांदा दाखवला, वळवी सरांनी मोबाइलवर काढलेली तिची फेक दाखवली. मग तिला बाहेर बसवून सवयीप्रमाणे त्या व्यापाऱ्याच्या हातात हात दिला आणि वर टॉवेल टाकला.

हे मी मूर्खपणाने केलं नाही. व्यापाऱ्याने एका ठिकाणी दिले हे कळलं की दुसऱ्या दिवशी दहा मंडळं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात. म्हणून तो तोंडाने नाही म्हणतो. टॉवेलाखाली मात्र माणूस मोठा होतो, हे मी आयुष्यभर बघितलंय. पाचांनीही बोटं दाबली आणि मी अपेक्षेपेक्षा वरचे आकडे काढले. शेठ म्हणाले, "बापू, मन्हा नाव कोणले सांगू नको." मी म्हटलं, नाही सांगणार. बाकी चौघांचं मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांचं बाकी चौघांना. खोटं बोललो नाही. प्रत्येकाला वाटलं की ही पोर आपल्या एकट्याच्या पैशावर उभी आहे, तर मी ते वाटू दिलं. बाजारात याला खोटं म्हणत नाहीत.

दलाली घेतली नाही. हे एकदाच लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात गावाने मला चोर ठरवलं.

दीड वर्ष तिने फेकलं. शाळेचं मैदान रिकामं झालं की वळवी सर आणि ती. मी बाजाराच्या वाटेवर थांबायचो आणि ओरडायचो. खेळातलं मला काही कळत नव्हतं, पण दमलेला खांदा मला कळतो. सर दहा फेका म्हणत, मी म्हणायचो सहा, आणि आठावर मिटायचं. एस्तेर हसायची. म्हणायची, "बापू, माझ्या खांद्याचा पण सौदा करता." राज्यात पहिली आली. देशाच्या स्पर्धेत तिसरी आली, कांस्यपदक.

ती परत आली त्या दिवशी खांडबाऱ्याच्या स्टेशनवर पाच बॅनर लागले होते. पाचही वेगवेगळे. प्रत्येकावर एका व्यापाऱ्याचा परातीएवढा फोटो आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी एस्तेर. नाव कोणाला सांगू नको म्हणणारे शेठ सर्वांत मोठे होते. सगळ्यांवर सुवर्णकन्या लिहिलेलं. कांस्य छापायला कोणाला आवडलं नसावं. आणि पाचांपैकी चौघांवर 'एकमेव आधारस्तंभ' असे शब्द. बॅनर एकाच दुकानात छापलेले, त्या दुकानदारानेही काही विचारलं नाही. त्याला पाच गिऱ्हाइकं मिळाली होती.

गाडी थांबली. ती कुबड्यांवर उतरली, गळ्यात हार पडले आणि तिच्यासमोर पाच जण एकमेकांचे बॅनर वाचायला लागले. शेठ बाकी चौघांकडे बोट करत माझ्याकडे वळले. "बापू, ह्या बठ्ठा कोण शेतस?"

मी म्हटलं, देणारे आहेत, तुमच्यासारखे.

"कोण कितला दिना?"

मी म्हटलं, ते मी सांगत नसतो. तुमचाही आकडा यांना सांगितलेला नाही. त्यावर खतवाला म्हणाला की मग मधले किती खाल्ले तेही झाकलेलंच राहणार. मी त्याची कॉलर धरली. वळवी सरांनी मला ओढून बाजूला केलं. हार गळ्यात घेऊन एस्तेर तशीच फलाटावर उभी होती. तिला बसायला खुर्ची द्यावी हे त्या गर्दीत कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

त्या दिवसानंतर पाचही हात आखडले. आणि नेमकं तेव्हा दिव्यांग खेळाडूंच्या संघटनेचं पत्र आलं. परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली आहे, स्वखर्चाने यावे. हे जाणं का महत्त्वाचं होतं ते सांगतो. दिव्यांग खेळाडूला आंतरराष्ट्रीय गटात बसवण्याआधी त्यांचे तज्ज्ञ त्याचं शरीर तपासून गट ठरवतात. त्याला वर्गीकरण म्हणतात. ते झाल्याशिवाय देशाबाहेर तुमच्या फेकीला किंमत नाही. हे वर्गीकरण त्या स्पर्धेत होणार होतं. हुकलं की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. नाव पक्कं करायला आणि पैसे भरायला पंधरा दिवस होते.

त्यातले सात गेल्यावर वळवी सरांच्या ओळखीने गुजरातेतल्या एका कंपनीने बोलावलं. समाजकामासाठी त्यांच्याकडे निधी असतो. मी आणि एस्तेर गेलो. जिन्याने पहिला मजला. साहेब तिशीतला, बोलायला गोड. त्याने एस्तेरला खुर्ची दिली, तिच्या कुबड्या स्वतः घेऊन समोरच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. म्हणाला, सगळा खर्च आम्ही करू. फक्त एक फॉर्म भरा. आधी कोणी कोणी, किती मदत केली त्याची यादी, आकड्यांसकट, प्रत्येकाच्या सहीने. उद्या कोणी हक्क सांगायला नको.

आज मला ते रास्त वाटतं. तेव्हा डोक्यात स्टेशनवरची कॉलर होती. मी म्हटलं, आकडे मिळणार नाहीत. तो म्हणाला, मग फाइल पुढे जाणार नाही. मी म्हटलं, माझा शब्द गेलेला आहे. तो म्हणाला, काका, शब्दाला आमच्याकडे रकाना नाही. हे तो हसून म्हणाला, आणि माझं टाळकं फिरलं.

पण नुसतं टाळकं फिरलं असं लिहिलं तर मी स्वतःला सोडून दिल्यासारखं होईल. माझा हिशोब चालू होता. मी त्याला बघत होतो. एस्तेरच्या फेकीचा व्हिडिओ त्याने दोनदा बघितला होता. पदक हातात घेऊन त्याचा फोटो काढला होता. गिऱ्हाइकाला बैल आवडलाय हे मला दिसत होतं. मी टॉवेल खांद्यावर टाकला, उठलो आणि चालायला लागलो. वळून बघितलं नाही.

दारापर्यंत हाक आली नाही. जिन्यावर आली नाही. मी फाटकासमोरच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने एस्तेर खाली आली. जिना उतरायला वेळ लागला असेल असं मला वाटलं. मी तिला म्हटलं, काळजी करू नको, त्याचा फोन येतो बघ. ती कुबड्या टेकत रस्त्याकडे वळली.

फोन आला नाही. तीन दिवस गेले, चार गेले. वळवी सर म्हणाले, आपण करू. मी त्यांना झापलं. आपण फोन केला की आपला भाव पडला, एवढं तुम्हाला कळत नाही का? पाचव्या दिवशी एस्तेरचा फोन आला, बापू, काय करायचं? मी तिला म्हटलं, सौदा चालू असताना मधे बोलायचं नसतं. हेच शब्द. मी बाजारात उभा होतो, आजूबाजूला चार माणसं होती, आवाजही मोठा असेल. आठव्या दिवशी मुदत संपली.

पुढचं थोडक्यात लिहितो. एस्तेरने माझे फोन घेणं बंद केलं. मी वळवी सरांशी भांडलो. वर्षभर त्या गावाकडे गेलो नाही. मनात धरून होतो की पोर उपकार विसरली. मग गेल्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रातलं ते पान आलं. एस्तेर या वर्षी परदेशी जाणार, कंपनी खर्च करणार आणि खाली आभार. पाच नावं, एकाखाली एक. मी मोटारसायकल काढली ती थेट तिच्या ओट्यापाशी थांबवली.

ती ओट्यावर बसलेली. पुढ्यात कंपनीचा तोच फॉर्म, बराचसा भरलेला. तिच्या आईने पाणी दिलं, मी घेतलं नाही. मी बोलायला लागलो ते थांबेना. तुला कोणी शोधली, बैठक कोणी करून दिली, पाच दारांत कोण हात जोडून उभा राहिला, चोर कोण ठरला. ती ऐकत राहिली. मी दमलो तेव्हा म्हणाली, पाचांकडे मी एकटीच गेले, बापू. उघड विचारलं, किती दिले होते? पाचांनीही सांगितलं आणि सही केली. शेठने तर चहा पाजला.

मी म्हटलं, एवढं सोपं होतं तर तेव्हाच का नाही गेलीस?

तिने पुढ्यातला फॉर्म सरळ केला. मग म्हणाली, "तुम्ही उठून गेलात ना, तेव्हा मी तिथंच बसलेली. कुबड्या भिंतीला होत्या. साहेब म्हणाले, ताई, काका रागावले, तुम्ही सांगा, आठ दिवस फॉर्म माझ्या टेबलावर ठेवतो, नुसता फोन करा. मी म्हटलं, बापू सांगतील ते."

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलंस?

"सांगायलाच फोन केला होता. पाचव्या दिवशी."

तिची आई आत निघून गेली. पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला तसाच होता.

एस्तेरने फॉर्ममधलं यादीचं पान काढलं. तिथं माझं नाव लिहिलेलं होतं, तिच्या अक्षरात. म्हणाली, साहेबांनीच आठवण केली, ते रागीट काका होते त्यांचंही लिहा. पेपरवाल्याने यादीतली फक्त आकडे असलेली नावं घेतली, तुमचा रकाना रिकामा होता. तिने पेन उघडलं. "तुम्ही काय दिलं ते सांगा बापू, मी लिहिते."

टोमणा नव्हता. ती खरंच लिहायला बसली होती. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. पेट्रोल, फेऱ्या, बुडालेले बाजार, वेल्डरकडे घालवलेल्या दुपारी. पण तिच्या हातात मी रोख एक पैसाही दिला नव्हता, आणि पाच दारं फिरताना आपणही द्यावा असं डोक्यातच आलं नव्हतं. दलाल देत नसतो, मिळवून देतो. हेही सांगता आलं असतं. पण मला ते आठ दिवस दिसायला लागले. फॉर्म तिकडे टेबलावर आणि ती या ओट्यावर, मोबाइल मांडीवर ठेवून, माझ्या शब्दाची वाट बघत.

मी म्हटलं, "काही नाही. तू पुढचं लिही."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग माझ्या नावापुढच्या रकान्यात सरळ आडवी रेघ ओढली आणि पान उलटलं.